क्लाउडवर काय ठेवावे आणि कशाच्या भरवशावर

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद.

लॅपटॉपची डिस्क भरत आली आहे, तर क्लाउड स्टोरेज कोणत्या कंपनीचे घ्यावे, असे तू परवा फोनवर विचारलेस. मी तेव्हा "नीट लिहून कळवते" एवढेच म्हटले, कारण एखादे नाव सांगून मोकळी झाले असते तर मी केलेली चूक तुझ्याही हातून होईल, अशी मला भीती वाटली.

ती चूक आधी सांगते. तुझ्या आजीच्या आवाजातल्या आठवणी मी रेकॉर्ड करून ठेवल्या होत्या, हे तुला ठाऊक आहे. त्या गेल्या कशा, हे मात्र मी कधी नीट सांगितले नाही. त्या फोल्डरवर बरोबरची हिरवी खूण दिसत असे, म्हणजे सगळे क्लाउडवर पोहोचले आहे असे मी धरून चालले होते, आणि ते खरेही होते. जुन्या संगणकावर जागा करायची म्हणून मी तो फोल्डर तिथून काढून टाकला. पण मी जे वापरत होते ते सिंक होते, बॅकअप नव्हे. सिंकचे काम दोन्हीकडे सारखेच राहील एवढे पाहण्याचे असते; मी इकडे पुसले, त्याने तिकडेही पुसले. अशा सेवांच्या ट्रॅशमध्ये फाइल साधारणपणे 30 दिवस राहते, आणि माझ्या लक्षात आले तेव्हा दोन महिने उलटून गेले होते. मागे उरला तो तुझ्या मावशीला कधीतरी मेसेजवर पाठवलेला चाळीस सेकंदांचा तुकडा, ज्यात आजी सुरुवातीलाच "झालं का गं सुरू हे?" असे विचारते.

म्हणून माझे पहिले सांगणे असे की, जी गोष्ट पुन्हा मिळणार नाही तिची एक प्रत क्लाउडवर आणि एक प्रत तुझ्या स्वतःच्या बाहेरच्या डिस्कवर असलीच पाहिजे, आणि ती डिस्क एरवी लॅपटॉपला जोडलेली नसावी. मूळ फाइल धरून तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा छायाचित्रकार पीटर क्रोग यांच्यामुळे रूढ झालेला नियम याहून फार वेगळे काही सांगत नाही. 10 मार्च 2021 रोजी स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती त्यांच्यापैकी अनेकांचा डेटा कायमचा गेला. क्लाउड म्हणजे शेवटी कोणाच्या तरी इमारतीतली यंत्रेच.

आता तुझ्या डिस्कवर काय आहे ते पाहू. सर्वांत जास्त जागा गेमनी व्यापली आहे, आणि नेमक्या त्यांनाच क्लाउड स्टोरेजची गरज नाही. विकत घेतलेला गेम ज्या ऑनलाइन दुकानातून घेतला तिथल्या खात्यातून पुन्हा डाउनलोड करता येतो. जपायची असते ती तुझी सेव्ह फाइल, म्हणजे तुझा खेळ कुठवर आला याची नोंद, जी बहुतेक वेळा काही एमबींचीच असते. स्टीम या गेमच्या दुकानाने 2008 पासून सेव्ह क्लाउडवर ठेवण्याची सोय दिली आहे, पण ती प्रत्येक गेमला लागू नसते, म्हणून गेमच्या पानावर क्लाउडची खूण आहे का ते पाहत जा. बरेच जुने गेम सेव्ह कुठेतरी डॉक्युमेंट्स फोल्डरच्या आत लिहितात. त्या तेवढ्या शोधून महिन्यातून एकदा डिस्कवर उतरवून घे. चालू गेमचा फोल्डर मात्र सिंकमध्ये टाकू नकोस, कारण गेम लिहीत असतानाच सिंकही त्याच फाइलला हात घालते आणि सेव्ह खराब होऊ शकते. दोन संगणकांवर खेळल्यावर "कोणती प्रत ठेवू?" असा प्रश्न पडद्यावर येतो, तेव्हा घाईने बटण न दाबता दोन्ही प्रतींची तारीख आणि वेळ वाच. तुझ्या निन्टेंडो स्विचचे आणखी वेगळे आहे: तिथे क्लाउडवरची सेव्ह वर्गणीला बांधलेली आहे, आणि वर्गणी थांबल्यावर ती 180 दिवसच राखली जाते.

संगीताबद्दल मला अधिक लिहावेसे वाटते, कारण त्यात तू स्वतः गायलेली गाणी आहेत. स्ट्रीमिंगवरच्या गाण्यांच्या याद्या गेल्या तरी पुन्हा करता येतील. यूट्यूब म्युझिकवर स्वतःची 1,00,000 गाणी चढवता येतात, पण ती सोय ऐकण्यासाठी आहे, जतनासाठी नाही. ॲपलच्या आयट्यून्स मॅचमध्ये तर गाणे त्यांच्या संग्रहातल्या गाण्याशी जुळले की तुझ्या मूळ फाइलऐवजी 256 केबीपीएसची, म्हणजे दाबून लहान केलेली, प्रत हाती येते. गूगल प्ले म्युझिक 2020 च्या अखेरीस बंद झाले, तेव्हा गाणी दुसरीकडे हलवण्याची संधी तरी मिळाली होती. मायस्पेस या संकेतस्थळावर 2016 पूर्वी लोकांनी चढवलेले संगीत सर्व्हर बदलताना नष्ट झाल्याचे मात्र 2019 मध्ये उघड झाले, आणि त्यात अशी कितीतरी नवख्या गायकांची गाणी होती ज्यांची दुसरी प्रत जगात कुठेच नव्हती. तुझ्या रेकॉर्डिंगचे असे होऊ देऊ नकोस. सीडीच्या दर्जाची वेव्ह फाइल, म्हणजे न दाबलेला मूळ आवाज, मिनिटाला सुमारे 10 एमबी घेते. तीच फ्लॅक या प्रकारच्या फाइलमध्ये बदललीस तर आवाजात काहीही न गमावता बरीच जागा वाचते. एमपी3 मात्र आवाजातला काही भाग गाळते, म्हणून ती कोणाला पाठवायला ठीक आहे, जपून ठेवायला नाही.

राहिली कागदपत्रे आणि फोटो. गूगल 15 जीबी फुकट देते, पण त्यात जीमेल आणि फोटोही मोजले जातात, आणि जागा संपली की मेल येणेसुद्धा थांबते. मायक्रोसॉफ्टचे वनड्राइव्ह आणि ॲपलचे आयक्लाउड 5 जीबी देतात, ड्रॉपबॉक्स 2 जीबी. या आकड्यांवरून निवड करू नकोस, कारण ते बदलतात: मायक्रोसॉफ्टने 2015 मध्ये अमर्याद जागेची सवलत मागे घेतली, आणि गूगल फोटोजची फुकट साठवण 1 जून 2021 रोजी संपली. दोन वर्षे न उघडलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर 2023 पासून काढून टाकू लागले आहे, हेही ध्यानात ठेव. त्यापेक्षा हे पाहा की ती सेवा तुझ्या फोनवर आणि लॅपटॉपवर विनासायास चालते का, फाइलच्या जुन्या आवृत्त्या किती दिवस ठेवते, आणि उद्या सोडून जायचे ठरवलेस तर सगळे एकदम बाहेर काढता येते का. माझ्या मते तू एकच सेवा घ्यावीस, तिची सर्वांत लहान पैसे भरायची योजना घ्यावीस, आणि चार ठिकाणच्या फुकट जागा जोडत बसू नये. तशा जोडत बसले की कोणती फाइल कुठे आहे हेच आठवेनासे होते.

ओळखपत्रे आणि बँकेचे कागद क्रिप्टोमेटरसारख्या प्रोग्रामने कुलूपबंद करून मगच चढव, किंवा प्रोटॉन ड्राइव्हसारख्या सेवेवर ठेव, जिथे कुलूप उघडणारी किल्ली कंपनीकडे नसते. मात्र तिथे पासवर्ड आणि रिकव्हरीचे साधन दोन्ही हरवले, तर कंपनीसुद्धा काही करू शकत नाही.

पहिल्यांदा चढवताना धीर धर. अपलोडचा वेग 10 एमबीपीएस असेल, तर 100 जीबीला सुमारे 22 तास लागतात, तेव्हा अर्ध्यावर लॅपटॉप बंद करून "झाले" समजू नकोस. सगळे पोहोचले की दुसऱ्या एखाद्या उपकरणावरून तुझे एक गाणे उतरवून शेवटपर्यंत ऐक, आणि तोवर लॅपटॉपवरचे काहीही पुसू नकोस.

खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लाव, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खात्री द्यावी लागते. तेव्हा जे रिकव्हरी कोड, म्हणजे फोन हरवला तरी खाते उघडण्याचे आकडे, मिळतील ते कागदावर लिहून, पाकिटात घालून, येशील तेव्हा घेऊन ये; मी ते माझ्या कपाटात ठेवीन. आणि मावशीकडचा तो चाळीस सेकंदांचा तुकडा या पत्रासोबत पाठवत आहे, तो तुझ्या डिस्कवरही ठेव.

तुझी,
आई