योग दिनाचा फोटो आणि चार वाजताची मान

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२२ जूनला पेपरात योग दिनाचे फोटो येतात ना, पांढरे टी-शर्ट, मागे बॅनर, तसल्याच एका फोटोत यंदा तिसऱ्या रांगेत मी पण होतो, अर्धाच दिसतो, हात तेवढा वर. मी बडोद्याच्या मकरपुऱ्यात एका कंपनीत अकाउंट्सला आहे. आता गंमत बघा, जीएसटीचं थ्री-बी, म्हणजे दर महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख २०, म्हणजे त्या रात्री नऊपर्यंत आम्ही खुर्चीतच, मान आखडलेली, आणि २१ ला सकाळी साडेसहाला योगाला हजर राहा म्हणे. २२ पासून परत येरे माझ्या मागल्या. वाटलेल्या मॅटी आता स्टोअरमध्ये कागदाच्या रिमांमागे गुंडाळून उभ्या आहेत.

मला दोन वर्षांपूर्वी डाव्या हाताला मुंग्या यायला लागल्या, डॉक्टरांना दाखवलं (हे आधी करा, मुंग्या आल्या की थेट यूट्यूब बघून आसनं नकोत), ते म्हणाले एका जागी इतका वेळ बसू नका. मग आमच्या पेरोलवाल्या ताईंनी चार वाजताचं सुरू केलं. पाच मिनिटं फक्त. पाय जमिनीला टेकवून बसायचं, श्वास घेत खांदे कानापर्यंत न्यायचे आणि सोडत खाली, मान सावकाश डावी-उजवी, मग उभं राहून ताडासन (हात वर ताणायचे), कटिचक्रासन (कंबर डावी-उजवी वळवायची), आणि शेवटी डोळे मिटून भ्रामरी, म्हणजे श्वास सोडताना भुंग्यासारखं गुणगुणायचं. पहिल्या दिवशी डिस्पॅचवाला भाई दारातून ओरडला, "अरे मधमाखी क्यांथी आवी?" (मधमाशी कुठून आली?) आता तोच पहिला येऊन उभा राहतो.

चमत्कार काही झाला नाही. मुंग्या कमी झाल्या, संध्याकाळी डोकं जड व्हायचं ते पण कमी झालं, वजन मात्र तेवढंच आहे, त्याला सेव-उसळ जबाबदार.

पण साहेब एकदा डोकावून म्हणाले, "काम नाहीये का?" गेटबाहेर सिगारेटला पंधरा मिनिटं जातात तेव्हा कोणी विचारत नाही हो! आणि हे काही आमच्या डोक्यातून निघालेलं नाही, आयुष मंत्रालयानेच ऑफिससाठी पाच मिनिटांचा वाय-ब्रेक, म्हणजे योगाची सुट्टी, काढलाय, २०२१ मध्ये त्याचं ॲप पण आलं.

आपल्या बडोदेकरांना तर हे सांगायला लागू नये खरं म्हणजे. योग शास्त्राच्या कसोटीवर तपासणारे स्वामी कुवलयानंद जन्मले इथल्याच डभोईला, बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात माणिकरावांच्या हाताखाली तयार झाले, मालसरच्या माधवदासजींकडे योग शिकले, आणि १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम ही योगसंस्था काढायच्याही आधी, १९२०-२१ च्या सुमारास, उड्डियान आणि नौली या पोट आत ओढायच्या नि फिरवायच्या क्रियांनी शरीरात नक्की काय होतं ते त्यांनी इथेच, बडोद्याच्या हॉस्पिटलात तपासून बघितलं होतं. शंभर वर्षं झाली की त्याला! आणि आम्ही टी-शर्टच्या साइजवरून भांडतोय.

तेव्हा कंपनीवाल्यांना तुमच्या पेपरातून एवढंच सांगा, टी-शर्ट, बॅनर, नाश्त्याची पाकिटं नका देऊ, चारला पाच मिनिटं द्या आणि त्या वेळात डोकावू नका. आणि तुमच्या फोटोग्राफरला पाठवायचंच असेल तर कुठल्याही महिन्याच्या १९ तारखेला पाठवा, दुपारी चारला. टी-शर्ट नसतील, पण सगळे पूर्ण दिसतील.

आपला,
एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे