न्हाणीघराच्या तंट्याविषयी मित्रास पत्र

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया
दि. १६ मार्च २०२५

प्रिय अविनाश,

सप्रेम नमस्कार.

मुक्ता सॅन होजेच्या घराचे स्वयंपाकघर नव्याने करून घेणार असल्याचे तू सांगितलेस आणि आमच्या न्हाणीघराचे भांडण वकिलाशिवाय कसे मिटले ते सविस्तर कळव, असेही म्हणालास. फोनवर ते नीट सांगता आले नसते, कारण त्यात कंत्राटदाराइतकी नसली तरी बरीच चूक माझीही होती. म्हणून हे पत्र.

काम ३८,००० डॉलरला ठरले होते. कंत्राटदार परवानाधारक होता. राज्याच्या कॉन्ट्रॅक्टर्स स्टेट लायसन्स बोर्डाच्या संकेतस्थळावर त्याचा क्रमांक घालून परवाना चालू असल्याची खात्री मी केली आणि तेवढ्यावर निर्धास्त झालो. येथील कायद्यानुसार घरदुरुस्तीसाठी आगाऊ रक्कम कराराच्या दहा टक्के किंवा १,००० डॉलर, यांपैकी जी कमी असेल तेवढीच घेता येते. त्याने ५,००० मागितले आणि माणूस भला वाटतो एवढ्याच कारणाने मी ते दिले. पुढे नळाची जागा बदलण्याचे वाढीव काम निघाले, तेव्हा ‘करून टाका’ असे मी जिन्यात उभ्याउभ्या म्हणालो. असा प्रत्येक बदल काम सुरू होण्यापूर्वी कागदावर येऊन त्यावर दोघांच्या सह्या व्हायला हव्यात, हे मला नंतर कळले.

काम संपून तीन आठवडे झाले नाहीत तोच शेजारच्या खोलीतली लाकडी जमीन फुगू लागली. तू सिव्हिल इंजिनिअर, तेव्हा कारण तुला लगेच उमगेल. आपल्याकडे गच्चीवर आळी करून पाणी भरून ठेवतात, तसे येथे शॉवरच्या तळाला वॉटरप्रूफिंग केल्यावर आणि टाइल्स बसवण्यापूर्वी पाणी तुंबवून शहराच्या इन्स्पेक्टरला दाखवायचे असते. याने परमिट काढले होते, परंतु त्या तपासणीसाठी इन्स्पेक्टरला बोलावलेच नव्हते, त्यामुळे तपासणीच्या कार्डावरचा तो रकाना कोराच राहिला होता. त्या कोऱ्या रकान्याचा फोटो मी काढून ठेवला. साऱ्या प्रकरणात माझ्या हातून वेळेवर झालेली शहाणपणाची गोष्ट ती एवढीच.

मी शेवटचे ६,००० डॉलर अडवले. त्यावर, ते आणि वाढीव कामाचे १,४०० मिळाले नाहीत तर घरावर ‘मेकॅनिक्स लीन’ नोंदवीन, असे त्याने कळवले. सातबाऱ्यावर बोजा चढावा तसाच हा प्रकार; घरमालकाशी थेट करार केलेल्या कंत्राटदाराला काम पुरे झाल्यापासून साधारणपणे ९० दिवसांत तो काउंटीच्या दप्तरी नोंदवता येतो आणि नोंदीनंतर ९० दिवसांत दावा लावला नाही तर त्यात जोर उरत नाही. हे सारे वाचून माहीत असूनही मला रात्री झोप लागेना. सुनीता तर म्हणू लागली, की पैसे त्याच्या तोंडावर मारा आणि मोकळे व्हा.

स्मॉल क्लेम्स कोर्टात १२,५०० डॉलरपर्यंतचा दावा वकिलाशिवाय लावता येतो. किंबहुना तेथे वकील उभाच राहू शकत नाही. पण तेथे मुख्यतः पैसे मिळतात, आणि मला न गळणारे न्हाणीघर हवे होते. म्हणून मी बोर्डाकडे तक्रार केली. तिला शुल्क पडले नाही. तेथील मध्यस्थ बाईंनी दोघांशी फोनवर स्वतंत्रपणे बोलून आधी कागदपत्रे मागवली, आणि जो माणूस महिनाभर माझा फोन उचलत नव्हता त्याने दुसऱ्याच दिवशी स्वतःहून फोन केला. गळतीपेक्षा त्याला ते आगाऊ घेतलेले ५,००० अधिक जड जात होते, कारण गळती दुरुस्त करता येते, पण तो नियमभंग थेट परवान्यावर येतो. जी रक्कम मी राजीखुशीने दिली होती तीच तक्रारीत लिहिताना मला थोडी लाज वाटली, हे तुझ्यापाशी कबूल करतो, तरीही लिहिली.

अखेर आमच्या जेवणाच्या टेबलावर दोन तास बसून तडजोडीचा कागद झाला. त्याने शॉवरचा तळ उखडून पुन्हा करायचा आणि इन्स्पेक्टरची सही झाल्यावरच मी पैसे द्यायचे. ६,००० मधून लाकडी जमिनीचे १,९०० वजा झाले. वाढीव कामाचा कागद नसल्यामुळे ते पैसे मी नाकारू शकलो असतो, परंतु नळ खरोखरच हलला होता आणि ‘करून टाका’ हे शब्द माझेच होते, म्हणून सामान व प्लंबर यांच्या खर्चापुरते ९०० धरले. असे ५,००० डॉलर ठरले. चेक देताना, पैसे वटल्यास लीनचा हक्क सोडत असल्याचे सशर्त पत्र मी घेतले आणि चेक वटल्यावर बिनशर्त पत्र घेतले. ही दोन पत्रे वेगळी आहेत आणि दुसरे मिळेपर्यंत पहिले जपून ठेवायचे असते.

तपासणीच्या आदल्या संध्याकाळी पाणी भरून त्याने कडेला पेन्सिलीची खूण केली होती. सकाळी इन्स्पेक्टरने वाकून पाहिले, पाणी खुणेवरच होते, आणि कोऱ्या रकान्यात सही झाली.

मुक्ताला कराराची प्रत सही करण्यापूर्वी माझ्याकडे पाठवायला सांग; कोणत्या टप्प्याला किती पैसे द्यायचे ते मला पाहायचे आहे. तिने आगाऊ रक्कम देऊन टाकली आहे की काय, हे मात्र आजच विचारून कळव. वहिनींना नमस्कार.

तुझा,
वसंत