अभ्यासिकेच्या टेबलावर किती लक्स?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सांगलीत, विशेषतः विश्रामबागच्या बाजूला, स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका गल्लोगल्ली झाल्या आहेत. मी वायरिंगची कामं करतो, त्यामुळे अशा बऱ्याच ठिकाणी जाणं होतं. तिथल्या उजेडाबद्दल हे पत्र.

मध्यंतरी एका अभ्यासिकेत पॉइंट वाढवायला गेलो होतो. वीस बाय तीस फुटांचा हॉल, छताला वीस वॉटचे सहा एलईडी बॅटन, खाली प्लायवूडची पार्टिशन घातलेली टेबलं. मुलं डोळे चुरचुरतात म्हणत होती, तर मालक म्हणाले, "सहा ट्यूब आहेत, अजून किती पाहिजेत?" माझ्याजवळ लक्समीटर होता, म्हणजे एखाद्या जागेवर किती उजेड पडतो ते लक्समध्ये मोजायचं यंत्र. बॅटनच्या बरोबर खाली ठेवला तर 150 लक्सच्या आसपास आकडा आला. कोपऱ्यातल्या टेबलावर पार्टिशनची सावली पडत होती, तिथे साठसुद्धा नाही. लिहिण्यावाचण्यासाठी टेबलावर साधारण 300 ते 500 लक्स हवेत.

मालकांना दोष देऊन उपयोग नाही. आपण सगळेच उजेड वॉटमध्ये मोजतो, आणि वॉट हे विजेच्या खपाचं माप आहे. दिव्यातून एकूण किती उजेड बाहेर पडतो ते लुमेन सांगतात. जुना साठ वॉटचा पिवळा बल्ब साधारण 700 लुमेन द्यायचा, आज नऊ वॉटचा एलईडी तेवढा किंवा जास्तच देतो. पण नऊ वॉटचा एक बल्ब 720 लुमेनचा असतो, दुसरा 900 च्या वर. खोक्यावर वॉट मोठ्या अक्षरात आणि लुमेन कडेला बारीक छापलेले असतात. ते बारीक अक्षर वाचावं. बल्बवरच्या सरकारी स्टार लेबलचे तारेसुद्धा एका वॉटला किती लुमेन मिळतात यावरच ठरतात.

त्यातले किती लुमेन एक चौरस मीटर जागेवर पडले, ते लक्स. वरच्याच हॉलचा हिशेब घ्या. जागा सुमारे 56 चौरस मीटर. 300 लक्ससाठी टेबलाच्या पातळीवर 16,800 लुमेन पोचले पाहिजेत. भिंती, छत आणि धूळ यांत जवळजवळ निम्मा उजेड जातो, म्हणजे दिव्यांतून 33 हजारांच्या पुढे निघायला हवेत. दोन हजार लुमेनचा बॅटन धरला तर सोळा-सतरा लागतात. तिथे होते सहा.

एवढे बॅटन परवडत नसतील तर दुसरा मार्ग आहे. दिवा जवळ आणला की लक्स झपाट्याने वाढतात, छोट्या दिव्याचं अंतर निम्मं केलं तर चौपट. पाच वॉटचा, 400 लुमेनचा शेडवाला दिवा टेबलापासून दीड फुटावर लावला तर 300 च्या वर आकडा सहज जातो, आणि पार्टिशनची सावलीही आड येत नाही. मला हाच उपाय जास्त पटतो.

दुकानात "पांढराशुभ्र द्या, जास्त उजेड पडेल" असं हमखास ऐकू येतं. अशा पांढऱ्या दिव्यावर छापलेला 6500 केल्विन हा आकडा फक्त रंगाचा आहे. टॉर्चवरचे कँडेला एका दिशेला उजेडाचा जोर किती ते सांगतात, खोलीचा हिशेब त्यावरून लागत नाही. नुसत्या नजरेवरही विसंबू नये. भर उन्हात लाखभर लक्स असतात, पौर्णिमेच्या चांदण्यात पाव लक्सही जेमतेम, तरी दोन्हीकडे आपल्याला दिसतं. डोळा सरावतो.

अभ्यासिकांच्या बोर्डावर फी, वायफाय, एसी सगळं लिहिलेलं असतं. त्यातच टेबलावरचे लक्सही लिहावेत, आणि तो आकडा कोपऱ्यातल्या टेबलाचा असावा, अशी मालकांना विनंती आहे. पालकांनीही प्रवेश घेताना, शक्यतो रात्रीच्या वेळी, तो मोजून दाखवायला सांगावा.

– एक वायरमन, सांगली