सूचना : वरच्या मजल्यावर पाणी बारीक येण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार. वरच्या मजल्यावरच्या घरांत शॉवरला धारच नाही, अशी तक्रार पुन्हा आली आहे. कृपया लगेच पंप विकत घेऊ नका.

गच्चीवरच्या टाकीचा दाब फक्त उंचीवर ठरतो. दर 10 मीटरला साधारण 1 किलो (प्रति चौरस सेंटीमीटर). वरच्या मजल्याला जेमतेम दोन-तीन मीटर मिळतात, म्हणजे पाव किलोच्या आसपास. टाकी मोठी घेतली म्हणून दाब वाढत नाही.

म्हणून आहे तो दाब वाटेत वाया जाऊ नये, हे पाहायचं. आपल्याकडे उजनीच्या पाण्यासोबत बोअरचंही पाणी टाकीत पडतं आणि त्याचा क्षार भयंकर. नळाच्या तोंडाची जाळी काढून बघा, पांढरा थर दिसेल. रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून सकाळी जुन्या ब्रशने घासा. शॉवरचंही तसंच. निम्म्या घरांचं काम एवढ्यावरच होईल, असं मला वाटतं.

तरीही फरक पडला नाही, तर कॉक पूर्ण उघडा आहे का ते पाहा. जुने जीआय (जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी) पाइप आतून गंजून अरुंद होतात, ते बदलावेच लागतील. टाकीपासून खाली येणारी मुख्य लाईन अर्ध्या इंची नको, किमान एक इंची हवी.

पाणी थांबत-थांबत, फसफसत येत असेल तर लाईनीत हवा अडकली आहे. त्यासाठी येत्या रविवारी सकाळी 9 वाजता प्लंबर टाकीच्या आउटलेटला हवेचा पाइप बसवणार आहे. 11 पर्यंत पाणी बंद राहील, बादल्या भरून ठेवा. महापालिकेच्या नळाला थेट मोटार मात्र कुणीही लावू नये.

— सचिव