शपथ झाली, आता तास द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२६ जून हा कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या जयंतीचा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी १९८७ साली ठरवलेला अमली पदार्थविरोधी दिनही त्याच तारखेला येतो. शाळा उघडून जेमतेम दहा-बारा दिवस झालेले असतात, वह्या-पुस्तकांना कव्हरं घालणं अजून चालू असतं, तोच दसरा चौकाकडं फेरी निघते, मुलं हात पुढं करून व्यसनमुक्तीची शपथ घेतात आणि दुसऱ्या दिवशी फोटो छापून येतो. शपथेला आमचा विरोध नाही. पण त्यानंतर मार्चपर्यंत बहुतेक शाळांच्या वेळापत्रकात या विषयाला एकही तास नसतो. फार तर डिसेंबरात एखादं भाषण होतं, किंवा सडलेल्या जबड्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरतं.

एवढ्यानं काही होत नाही, हे जगभर तपासून झालेलं आहे. अमेरिकेत लॉस एंजेलिसला १९८३ मध्ये ‘डेअर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. गणवेशातले पोलीस वर्गात येऊन मुलांना अमली पदार्थांविषयी शिकवत. देशभर पसरला, पालकांनाही आवडला. पण मूल्यमापनं होत गेली तसतसं दिसलं, की हे तास झालेल्या आणि न झालेल्या मुलांच्या व्यसनाच्या प्रमाणात सांगण्याजोगा फरकच नाही. शेवटी त्यांनी २००९ मध्ये अभ्यासक्रम बदलला. संयुक्त राष्ट्रांचं अमली पदार्थविषयक कार्यालय आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या प्रतिबंध-निकषांतही तेच सांगितलं आहे. नुसती माहिती, भीती, नीतीचं व्याख्यान आणि व्यसनातून बाहेर आलेल्या माणसाची कहाणी यांचा परिणाम शून्य असतो, कधी उलटाही होतो. कारण साधं आहे. स्टेजवरचा माणूस ‘मी वाया गेलो होतो’ म्हणतो. समोरच्या नववीतल्या पोराला दिसतं ते एवढंच, की हा सगळं करून बाहेर आला आणि आज याला हार घालताहेत. अमली पदार्थांची नावं, किमती आणि ‘परिणाम’ लिहिलेले तक्ते तर लावूच नयेत. ज्याला माहीत नव्हतं त्यालाही त्यातून यादी मिळते.

उपयोगी ठरतात ते आठवड्याला एक असे दहा ते पंधरा तास, मुलांना बोलायला लावणारे, आणि त्याच वर्गाला ओळखणाऱ्या शिक्षकानं घेतलेले. आपल्याकडं सातवी ते नववीला बारा तास सहज बसतात, पण ते जुलैत सुरू करू नयेत. जुलै-ऑगस्टात पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडते, सुट्ट्या पडतात, नदीकाठच्या शाळांत निवारा उघडतो. दोन तासांमध्ये तीन आठवड्यांचा खंड पडला की मालिका मरते. गणपती गेल्यावर चार तास आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर आठ, असं ठेवलं तर डिसेंबरअखेर, स्नेहसंमेलनाच्या तालमी जोरात येण्याआधी, काम पुरं होतं. ‘ऑफ’ तासाला भरीचा विषय म्हणून घेतलं तर मात्र मुलं तेवढीच किंमत देतात.

या बारांतला एक तास नीट सांगतो, कारण तोच सगळ्यात जास्त बिघडवला जातो. मावा, म्हणजे चुना लावून मळलेली सुपारी-तंबाखू, मुलांना वाटतं ‘सगळेच खातात.’ हा समज मोडायचा असतो. छापील चिठ्ठीवर दोनच प्रश्न: आपल्या वर्गात दहापैकी किती जण मावा किंवा तंबाखू खातात असं तुला वाटतं, आणि गेल्या महिन्याभरात तू खाल्लीस का. उत्तराला फक्त खूण करायची, एक अक्षरही लिहायचं नाही, कारण शिक्षक अक्षर ओळखतात आणि हे मुलांना पक्कं ठाऊक असतं. सगळ्यांना एकाच रंगाचं पेन द्यावं, चिठ्ठ्या दुमडून एका खोक्यात घ्याव्यात, आणि मोजणी त्या वर्गाला न शिकवणाऱ्या शिक्षकानं करावी. वर्ग पंचवीसपेक्षा लहान असेल तर दोन तुकड्या एकत्र घ्याव्यात, नाहीतर कोण ते लगेच कळतं. बहुतेक वेळा अंदाजाचा आकडा खऱ्यापेक्षा बराच मोठा निघतो आणि तो फरक फळ्यावर लिहिला की वर्गात चुळबुळ सुरू होते. कधी खरा आकडाच मोठा निघतो. मग तो जाहीर करायचा नाही. त्या वर्गाचा प्रश्न वेगळा असतो, तिथं समुपदेशक लागतो.

नकार देण्याचा सराव ही दुसरी नाजूक जागा. यात ‘आग्रह करणारा’ नेहमी शिक्षकानं व्हावं, मुलाला करू नये. तीन-चारदा आग्रहाची भूमिका करणारं पोरगं आग्रहातच तरबेज होतं. संवाद पाठ्यपुस्तकी नकोत. कट्ट्यावर ‘मित्रा, हे सेवन कर’ असं कोणी म्हणत नाही. ‘काय लगा, एवढं बी जमंना व्हय?’ असं म्हणतात, आणि या वाक्याला उत्तर सुचत नाही हीच खरी अडचण असते. उत्तर आखूड हवं: ‘नको, सकाळी मॅच हाय.’ एवढं बोलून पाय तिथून हलले पाहिजेत. पेठेतल्या फुटबॉलवर जीव टाकणाऱ्या पोराला दम लागण्याचं कारण कॅन्सरपेक्षा पटतं. कॅन्सर त्याच्या दृष्टीनं तीस वर्षं लांब आहे आणि मॅच रविवारी.

शिकवताना कोल्हापूरचा माल समोर ठेवावा. एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या बातम्या मोठ्या येतात, पण शाळकरी वयात सुरुवात बहुधा सुपारीनं, नंतर माव्यानं होते. गोड सुपारीच्या पुडीत तंबाखू नसतो म्हणून घरातले हसून सोडून देतात. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे आणि तोंड उघडेनासं होण्याचा आजार मुख्यतः तिच्यामुळंच होतो. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि सुगंधी सुपारी, मावाही बंदीच्या आदेशात येतात, हे पानपट्टीवाल्यालाच काय, शिक्षकांनाही बऱ्याचदा माहीत नसतं. आरोग्य तपासणीच्या दिवशी एक साधी गोष्ट करता येते. मुलानं स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालून पाहायची. तिसरं बोट जात नसेल तर दंतवैद्याकडं पाठवायचं, आणि त्या वेळी ‘खातोस का’ हे विचारायचंही नाही.

व्हाइटनर आणि पंक्चरचं सोल्युशन हुंगणाऱ्या मुलाबाबत एक गोष्ट प्रत्येक शिपायाला आणि क्रीडाशिक्षकाला माहीत हवी. असं मूल सापडलं तर त्याच्यावर ओरडू नका आणि त्याच्या मागं पळू तर मुळीच नका. हुंगलेल्या रसायनानं हृदय आधीच बिथरलेलं असतं. घाबरून धावलं तर ते अचानक बंद पडू शकतं, पहिल्यांदा हुंगणाऱ्याचंसुद्धा. मोकळ्या हवेत शांत बसवावं, शुद्ध हरपत असेल तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करावा. तालमींच्या गावात आणखी एक नाव सांगितलंच पाहिजे, मेफेंटरमाइन. शस्त्रक्रियेच्या वेळी रक्तदाब घसरला तर तो वर आणण्यासाठीचं हे इंजेक्शन जिममध्ये ‘दम टिकतो’ म्हणून टोचलं जातं. त्यानं ताकद वाढत नाही. थकवा कळेनासा होतो, आणि नेमकं तेच हृदयाला महाग पडतं. हे मात्र आठवीच्या वर्गात नव्हे, व्यायामशाळेत जाणाऱ्या मोठ्या मुलांशी आणि त्यांच्या वस्तादांशी बोलावं.

आता विद्यार्थी नेतृत्वाविषयी. ‘व्यसनमुक्ती दूत’ म्हणून बहुतेक ठिकाणी पहिल्या पाच नंबरांतली मुलं नेमली जातात, त्यांना बिल्ले मिळतात आणि नावं लिहून आणायला सांगितलं जातं. दूताचा खबऱ्या झाला, की आठवड्याभरात त्याला शाळेबाहेरच्या कोपऱ्यावर गाठतात आणि उपक्रम संपतो. प्रत्येक तुकडीतून दोघं घ्यावेत. एक वर्गानं चिठ्ठ्या टाकून निवडलेला, आणि एक मागच्या बाकांवरचा, ज्याचं ऐकून बाकीचे हसतात किंवा गप्प बसतात. मॉनिटर नको, त्याच्याकडं आधीच शिक्षेची कामं असतात. दहावीही नको. प्रशिक्षण अर्ध्या-अर्ध्या दिवसाचं दोनदा. त्यांनी दप्तरं तपासायची नाहीत, नावं द्यायची नाहीत, कुणाला समज द्यायची नाही. लहानांना रस्ता ओलांडून द्यायचा, अंधारे जिने आणि कडी नसलेली स्वच्छतागृहं यांची महिन्याला एकदा यादी करायची, बोलू इच्छिणाऱ्या मित्राला समुपदेशकाच्या दारापर्यंत सोबत करायची. जिवाला धोका दिसला तर मात्र लगेच मोठ्यांना सांगायचं, तिथं गुपित पाळायचं नाही. मुलींच्या यादीत पहिल्या महिन्यात सहसा कडी आणि दिवेच येतात. ती कामं आठ दिवसांत झाली, तरच दुसऱ्या महिन्याची यादी खरी येते.

शाळेपासून शंभर यार्डांत, म्हणजे ९१.४४ मीटरच्या आत, तंबाखू विकायला २००३ च्या कायद्यानं बंदी आहे. पिवळी रेघ मारताना दोन चुका हमखास होतात. टेप फाटकापासून धरतात आणि रस्त्याच्या वळणानं मोजतात. नियमात अंतर शाळेच्या बाहेरच्या भिंतीपासून, सरळ रेषेत, चहूबाजूंनी मोजायचं आहे. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या वाकड्या बोळांतून मोजलं की भिंतीमागचीच टपरी हद्दीबाहेर जाते. मोबाइलच्या नकाशावर भिंतीच्या प्रत्येक कोपऱ्यापासून अंतर काढून आधी टपऱ्यांची यादी करावी, मग रंग घ्यावा. आणि रंग दिवाळीनंतर. जूनमध्ये मारलेला ऑइलपेंट ऑगस्टात शोधावा लागतो.

या कलमाचा दंड दोनशे रुपयांपर्यंतच आहे. टपरीवाला तो सकाळच्या बोहनीत भरतो. पण प्रत्यक्ष मुलाला तंबाखू, दारू किंवा अमली पदार्थ दिला तर बाल न्याय कायदा २०१५ च्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. तक्रार अर्जात हे कलम लिहायचं राहून जातं, म्हणून गोष्ट दोनशेवर मिटते. अर्ज शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावासह द्यावा, एकट्या शिक्षकाच्या सहीनं नव्हे. तो शिक्षक संध्याकाळी त्याच बोळातून घरी जातो.

राहिली मुख्य गोष्ट. मूल सांगत नाही, कारण सांगितल्यावर काय होतं ते त्यानं पाहिलेलं असतं. परिपाठाला उभं करतात, पालकांना त्याच तासाला बोलावतात, बाप सर्वांसमोर थोबाडीत मारतो, आणि ‘दाखला घेऊन जा’ असं सांगितलं जातं. आठवीपर्यंतच्या मुलाला शिक्षण हक्क कायद्यानं काढता येत नाही, नववीतल्याला काढलं तर ते दिवसभर त्याच मोठ्या पोरांच्या कट्ट्यावर जाऊन बसतं. पुडी सापडली तर त्या दिवशी दोन शिक्षकांनी मुलाशी वेगळं बोलावं, पालकांना दुसऱ्या दिवशी बोलवावं, पुढचे चार आठवडे दर सोमवारी दहा मिनिटं भेटावं. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११२-३५६, इतर व्यसनांसाठी १४४४६, मनाच्या ताणासाठी १४४१६ हे क्रमांक आहेत. सीपीआर या इथल्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात पाठवताना चिठ्ठीवर ‘व्यसनी’ असा शब्द लिहू नये. गांजा किंवा एमडीसारखं काही सापडलं तर मात्र ते कपाटात ठेवू नका, फेकूनही देऊ नका. दोन साक्षीदारांसमोर जिथं आहे तिथंच राहू द्या आणि ११२ ला कळवा. मुलाशी बोलायला येणारा अधिकारी बाल पोलीस पथकाचा आणि साध्या वेशात असावा, असा आग्रह मुख्याध्यापकांनी धरावा. नियम तसाच आहे.

तक्रारपेटीचंही असंच. ती मुख्याध्यापकांच्या दारात, कॅमेऱ्याखाली टांगलेली असते, मग आत पतंगाचे कागद सापडतात. पाण्याच्या टाकीजवळ किंवा ग्रंथालयाच्या बोळात, कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर लावावी, दर शनिवारी उघडावी आणि नाव न घेता ‘काय केलं’ हे सोमवारी फलकावर लिहावं. चिठ्ठी लैंगिक छळाची असेल तर शाळेनं स्वतः चौकशी करत बसायचं नाही. पोक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणाऱ्या संस्थाप्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद आहे.

संपादक महोदय, येत्या २६ जूनला फेरीचे फोटो अवश्य छापा. मात्र त्याच शाळांत डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आपला वार्ताहर पुन्हा पाठवा आणि त्याला तीनच गोष्टी विचारू द्या: बारांपैकी किती तास झाले, पेटी शेवटची कधी उघडली, आणि ज्या मुलाकडं पुडी सापडली होती ते आज वर्गात आहे का.

आपले,
शाळांत व्यसनप्रतिबंधाचं काम करणारे काही शिक्षक व समुपदेशक,
कोल्हापूर