जातींची यादी आधी लोकांसमोर ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

येत्या जनगणनेत प्रत्येक व्यक्तीची जात नोंदवण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाच्या समितीने ३० एप्रिल २०२५ रोजी घेतला. तेव्हापासून दोनच गोष्टींवर वाद रंगतो आहे : या निर्णयाचे श्रेय कोणाचे, आणि जात मोजल्याने ती अधिक घट्ट होईल का. प्रगणकाच्या, म्हणजे घरोघरी जाऊन माहिती नोंदवणाऱ्याच्या, हातातील यादीत जातींची नावे कोणती असतील, ती कोण ठरवणार आणि मोजणीपूर्वी ती लोकांना पाहायला मिळणार का, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नाही. माझ्या मते जातगणनेचे खरे राजकारण याच यादीत आहे.

मी निवृत्त शिक्षक आहे. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय सर्वेक्षणात प्रगणक म्हणून दारोदार फिरलो आहे. जातीच्या रकान्यात समोरचा सांगेल ते नोंदवायचे होते. कोणी आडनाव सांगे, कोणी पोटजात, कोणी कूळ; काही जण ‘पाटील’ म्हणत, तर काही जण नुसतेच ‘ओबीसी’. एका वृद्ध बाईंनी मला विचारले, “गुरुजी, दाखल्यावर आहे ती सांगू, की गावात म्हणतात ती?” मला उत्तर देता आले नाही, त्या जे म्हणाल्या ते मी नोंदवले. अशा लक्षावधी नोंदींचे पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. १९३१ च्या जनगणनेत देशात ४,१४७ जाती नोंदल्या गेल्या होत्या. २०११ मध्ये जातींची ४६ लाखांहून अधिक नावे जमा झाली. ही आकडेवारी मिळावी म्हणून आपल्या राज्याने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, तेव्हा सप्टेंबर २०२१ मध्ये केंद्राने प्रतिज्ञापत्रावर सांगितले की, राज्याच्या दप्तरी ४९४ जाती असताना सर्वेक्षणात महाराष्ट्रातून ४ लाख २८ हजारांवर नावे आली आहेत आणि ही माहिती वापरण्याजोगी नाही. ती जातनिहाय आकडेवारी आजतागायत प्रसिद्ध झालेली नाही.

यावरून जात मोजताच येत नाही, असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. १९५१ पासून प्रत्येक जनगणनेत अनुसूचित जाती आणि जमातींची जातनिहाय मोजणी होतच आली आहे, आणि ती जमते, कारण तिच्यासाठी आधी ठरलेली यादी असते. इतरांसाठीही यादी केली की गोंधळ बराच कमी होईल. पण नेमके कोणते नाव घ्यायचे, कोणते कोणत्या नावाखाली घालायचे, हे ठरवताना एकेका अक्षराला वजन येते आणि ते वजन महाराष्ट्राला चांगलेच ठाऊक आहे. अनुसूचित जमातींच्या यादीतील ‘धनगड’ म्हणजे आपले ‘धनगर’च का, या एका अक्षरावरून अनेक वर्षे आंदोलने झाली आणि अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयाला त्यावर निकाल द्यावा लागला. हलबा या अनुसूचित जमातीत हलबा कोष्टी येतात का, हा तिढा थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पूर्व विदर्भातील ‘पोवार’ ही जात आहे, तर ‘पवार’ हे अनेक जातींत आढळणारे आडनाव. घाईत नोंद करणाऱ्याकडून दोन्ही एक व्हायला वेळ लागत नाही. बंजारा समाज आपल्याकडे विमुक्त जातींत, तेलंगणात अनुसूचित जमातींत आणि कर्नाटकात अनुसूचित जातींत मोडतो. मराठा आणि कुणबी या नोंदींविषयी तर मी वेगळे सांगायला नको. मुस्लिम समाजातील बागवान, अत्तार, मोमीन यांची नावे यादीत नसतील, तर त्यांच्या रकान्यात केवळ धर्म उरेल.

नोंदच नसली तर काय होते, याचा अनुभव आपण नुकताच घेतला आहे. स्थानिक स्वराज्य संस्थांमधील इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणासाठी प्रत्यक्ष माहिती हवी, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२१ मध्ये बजावले आणि ती नसल्यामुळे राज्यातील निवडणुका रखडल्या. पुढे या माहितीसाठी राज्याने नेमलेल्या बांठिया आयोगाने मतदारयाद्यांतील आडनावांचा आधार घेऊन लोकसंख्येतील ओबीसींचे प्रमाण ३७ टक्के काढले, तेव्हा विविध पक्षांतील ओबीसी नेत्यांनी त्या पद्धतीला आक्षेप घेतला. आयोगाचे अध्यक्ष स्वतः देशाचे माजी जनगणना आयुक्त होते. तरीही हाताशी मोजणीच नसल्यावर आडनावांवर भिस्त ठेवावी लागली. देशात ओबीसी ५२ टक्के आहेत हा मंडल आयोगाचा आकडासुद्धा १९३१ च्या आकड्यांवरून केलेला अंदाजच होता. इतक्या जुन्या आणि कच्च्या पायावर तीन पिढ्यांचे शिक्षण आणि नोकऱ्या ठरल्या, याची मला मनापासून खंत वाटते.

जात मोजू नये असे म्हणणाऱ्यांपैकी अनेकांची कळकळ प्रामाणिक आहे, हे मी जाणतो. १९०१ मध्ये जनगणना आयुक्त रिस्ले यांनी जातींची सामाजिक प्रतिष्ठेनुसार उतरंड लावली आणि आपल्याला वरचे स्थान मिळावे म्हणून जातिसभांचे अर्ज येऊ लागले. ती चूक पुन्हा होता कामा नये. पण त्या वेळी दोष उतरंड लावण्याचा होता. मोजणी सर्वांची होणार असेल, खुल्या प्रवर्गातील जातींचीही, तर शिक्षण आणि नोकरी कोणाच्या वाट्याला किती आली हे स्वातंत्र्यानंतर प्रथमच एका तक्त्यात दिसेल, आणि त्या तक्त्याची भीती कोणाला वाटावी, हे मला समजत नाही. ज्यांना जात सांगायचीच नाही त्यांची तशी नोंद अवश्य व्हावी, परंतु कोणी गप्प राहिले म्हणून प्रगणकाने आडनावावरून त्यांची जात भरू नये.

इतर मागासवर्गातील पोटविभागणीसाठी नेमलेल्या रोहिणी आयोगाच्या २०१८ मधील पाहणीत केंद्रीय नोकऱ्या आणि प्रवेशांपैकी सुमारे ९७ टक्के जागा या वर्गातील केवळ २५ टक्के जातींकडे गेल्याचे आणि ९८३ जातींना एकही जागा मिळाली नसल्याचे दिसले होते. या ९८३ जाती बहुधा लहान, विखुरलेल्या आणि भटक्या असणार. त्यांच्यासाठी मोर्चा काढणारे कोणी नसते, त्यामुळे यादीतून सर्वांत आधी गळण्याचा किंवा एखाद्या मोठ्या नावाखाली झाकले जाण्याचा धोका त्यांनाच आहे. भटक्या-विमुक्तांसाठी स्वतंत्र सांकेतांक हवा, ही त्यांच्या संघटनांची मागणी मला त्याचसाठी रास्त वाटते.

जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे आणि जातीचा प्रश्न घरांच्या नोंदणीनंतरच्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे प्रत्यक्ष माणसांच्या मोजणीत, विचारला जाणार आहे. राज्यनिहाय यादी, तीत प्रत्येक जातीची स्थानिक व पर्यायी नावे, हरकतींसाठी पुरेशी मुदत, आणि मोजणीनंतर सर्व आकडे जातनिहाय प्रसिद्ध करण्याची लेखी हमी, एवढे सरकारने आताच द्यावे. विशेषतः प्रगणकांचे प्रशिक्षण सुरू होण्यापूर्वी ही यादी मराठीत प्रत्येक ग्रामपंचायतीच्या आणि प्रभाग कार्यालयाच्या फलकावर लागावी, म्हणजे ज्यांच्या जातीचे नाव राहिले किंवा चुकले आहे, त्यांना ते वेळेत सांगता येईल.

आपला नम्र,
एक निवृत्त शिक्षक व माजी प्रगणक