पॉइंट कागदावर, शुल्क बिलात

संपादक महोदय,

क्रेडिट कार्डाच्या रिवॉर्ड पॉइंटचा हिशेब जरा कागदावर मांडून पाहा. 150 रुपयांना 2 पॉइंट असतील, तर 299 रुपयांच्या बिलालाही 2च मिळतात; वरचे 149 वाया. पॉइंटची किंमत बहुधा 25 पैसे, तीही बँकेच्या कॅटलॉगमधली वस्तू घेतली तर. बिलात वळते केले की आणखी कमी. त्यावर 99 रुपये रिडेम्प्शन (म्हणजे पॉइंट वटवण्याचे) शुल्क आणि 18 टक्के जीएसटी, म्हणजे 116.82 रुपये. एवढे फेडायलाच 468 पॉइंट लागतात! इंधन, घरभाडे, वॉलेट यांवर अनेक कार्डे पॉइंटच देत नाहीत, हे बारीक अक्षरांत असते.

पॉइंट गायब झाले तर कस्टमर केअरच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नका. ईमेल करा, तक्रार क्रमांक घ्या, स्टेटमेंटमधल्या पॉइंटच्या चौकटीचा स्क्रीनशॉट जोडा. 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या ऑनलाइन तक्रार पोर्टलवर तिच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. बँकेकडे आधी लेखी तक्रार नसेल, तर लोकपालाकडची तक्रार फेटाळली जाते. बहुतेक जण इथेच अडकतात.

कार्ड बंद करण्याआधी पॉइंट वापरून टाका. थकबाकी नसताना बँकेने 7 कामकाजाच्या दिवसांत कार्ड बंद केले नाही, तर पुढे दिवसाला 500 रुपये दंड ग्राहकाला देणे तिला बंधनकारक आहे. हे मात्र फोनवर कोणी सांगत नाही.

– एक कार्डधारक, ठाणे